पब्लिक बसून राहिली

लग्न उरकलं की गुलाब सतरंज्या उचलतो. खाली काय काय निघतं. एकाच कानातलं झुमकं, सेफ्टी पिना, अक्षता, चॉकलेटचे कागद. एकदा तर कवळी निघाली. हे कोणी मुद्दाम टाकत नाही, आपोआप साचतं. आमच्या लाइनीतले किस्सेही तसेच. सतरंजी झटकली की पडतात.

गुलाबचं बिछायत केंद्र आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या. नत्थूचा बँड आहे. माझं साउंड. आधी भोंगे होते, मग कॅसेट, आता डीजे. आम्ही तिघं रोज सकाळी सक्करदऱ्याच्या टपरीवर तर्री-पोहे खातो आणि पब्लिकला शिव्या देतो. मी चौथी शिकलो. पण एवढं मला कळतं की भाजी बिघडली तर आचाऱ्याला बोलावं, ते बरोबर आहे. पब्लिक नाचली नाही म्हणून डीजेला बोलतात, ते बरोबर नाही. गाणं माझं असतं. पाय त्यांचे असतात.

हे आज लिहायचं कारण घरचंच आहे. पुतण्याचा साखरपुडा झाला. मशीनवर मी. समोर सगळे घरचेच लोक. माझी सून, भावाच्या सुना, पोरी, जावई. एक जण उठला नाही. खुर्चीला चिकटवल्यासारखे बसले. दुसऱ्या दिवशी माझा मुलगा विजय म्हणाला, "बाबा, पल्लवीच्या लग्नात आपण धरमपेठेतला डीजे सांगून राहिलो. तुम्ही आराम करा."

पल्लवी माझी नात. तिच्या लग्नात बाहेरचा माणूस वाजवणार आणि मी आराम करणार.

"काहून?" मी विचारलं.

"तुम्ही वाजवता तं पब्लिक बसून राहते."

त्या दिवशी घरात एवढंच बोलणं झालं. बाकीचं इथं सांगतो. दोष कोणाचा, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

*

मानेवाड्याकडच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. मी चांगलं जमवून आणलं होतं. तेवढ्यात एक जण टेबलावर रेलला. "काका, आपलंवालं लावा न."

"आपलंवालं म्हणजे कोणतं?"

"आपलंवालं जी. तुमाले माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. अंदाजानं एक लावलं. तो तोंड वाकडं करून गेला. दुसरा आला. "हे काय लावलं? आपलंवालं लावा." मग नवरीची मामी आली. तिचंही आपलंवालं. मग नवरदेवाकडचे चौघं आले, ते म्हणाले, "त्यायचंवालं नका लावू, आपलंवालं लावा."

माझं डोकं फिरलं. माइक घेतला आणि विचारलं, "एकदा सारे मिळून सांगा. आपलंवालं म्हणजे कोणतं?"

सारं लॉन एकदम ओरडलं. प्रत्येकाचं वेगळं. नवरीकडचे एक म्हणाले की दुसरं कोणतं लावलं तर आम्ही न जेवता जाऊ. नवरदेवाकडचे म्हणाले, जा.

मी आवाज शून्यावर आणला आणि हात बांधून उभा राहिलो. लावतच नाही म्हटलं, घ्या.

समोर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. इतका वेळ कानात बोटं घालून होते. त्यांनी बोटं काढली, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "हां. हे मस्त लावलं गा."

त्या दिवशी मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

*

मिहानमधल्या एका कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता. मी दोन मोठे बॉक्स उतरवले. एक मॅनेजर मुलगी धावत आली. गोड बोलणारी होती. "अंकल, आज बॉक्स नको. आज आवाजच नाही."

"मग मले कायले बोलावलं?"

तिनं हेडफोनची पेटी दाखवली. प्रत्येकाच्या कानाला एक. त्यात दोन वाटा. हिरवा दिवा लागला की माझं गाणं, निळा लागला की कॉम्प्युटर आपोआप लावतो ते. ज्याला जे पाहिजे ते त्यानं ऐकावं.

मी जन्मभर आवाज विकला. आता मी अशा हॉलमध्ये उभा होतो जिथं फक्त चपला घासल्याचा आवाज येत होता. शंभर माणसं तोंड मिटून उड्या मारत होती. सगळ्यांच्या कानावर निळा दिवा. माणूस इथं घाम गाळून उभा आहे आणि हे लोक डब्याचं ऐकताहेत.

मग दाराजवळ एक हिरवा दिवा दिसला. एकच. जाडजूड माणूस, भिंतीला टेकून उभा. हलत नव्हता, पण हिरवा होता. मी म्हटलं, चला, एक तर एक. त्या एका माणसासाठी मी इतकं मन लावून वाजवलं की तसं कोणत्या मंत्र्याच्या घरच्या लग्नातही वाजवलं नव्हतं. जुनं लावलं, नवं लावलं, मधे नत्थूसारखी क्लॅरिनेटची धून घातली. तो हलला नाही. वाटलं, दर्दी दिसतो. दर्दी माणूस हलत नाही, आतून ऐकतो.

कार्यक्रम संपल्यावर मुद्दाम त्याच्याकडे गेलो. तो गेटवरचा गार्ड होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

त्यानं हेडफोन काढला. "चांगलं आहे जी. एसीनं कान दुखून राहिले होते, म्हणून घातलं. टोपीच आहे म्हटलं. यातून गाणं बी येते काय?"

*

लोकांना वाटतं की खेड्याकडची पब्लिक सोपी असते. मग उमरेडचं ऐका.

उमरेडची वरात होती. नवरदेवाचे मित्र खदानीत कामाला. दणकट माणसं, एकच गाणं पाहिजे. ते संपलं की, "पुन्हा." ते संपलं की, "पुन्हा." मी दुसरं लावायला गेलो तर एकानं माझ्या हातावर हात ठेवला. तो हात पाहून मी पुन्हा तेच लावलं.

वरात मातामायच्या ठाण्यासमोर आली. तिथं थांबून नारळ फोडायची पद्धत आहे. गाणं चालूच. तेवढ्यात नवरदेवाच्या आत्याच्या अंगात आलं. केस सुटले, डोळे फिरले. सगळे मागे सरले. दणकट मित्रांनी हात जोडले. मी हात जोडले. पण गाणं बंद करायची माझी हिंमत झाली नाही, कारण अंगात आलेलं असताना वाजणं थांबवू नये, असं म्हणतात.

घरचा कर्ता माणूस पुढं झाला. "माय, काही चुकलं काय? काय पायजे तुले? साडी पायजे? कोंबडं पायजे?"

आत्यानं हात उचलला आणि सरळ माझ्या गाडीकडे बोट केलं.

"याले म्हणा दुसरं लाव. केव्हाचं एकच वाजवून राहिला."

सारं उमरेड माझ्याकडे वळून पाहू लागलं. हातावर हात ठेवणारा तो मित्रसुद्धा. म्हणाला, "काहून गा काका? देवीले बी कंटाळा आणला तुम्ही."

*

संगीत नावाचा एक नवा प्रकार निघाला आहे. त्यात लोक नाचत नाहीत, पाठ म्हणून दाखवतात. शिकवायला एक बाई ठेवतात. आधी महिनाभर शिकतात. मग त्या बाई मला पेन ड्राइव्ह देतात. गाणी तोडलेली. एकाचं डोकं, दुसऱ्याची कंबर. "अंकल, याच क्रमानं. क्रम चुकला तर त्यांना येणार नाही."

एकदा त्यांनीच क्रम चुकीचा भरला. नवरीचे काका स्टेजवर आले. मी बटण दाबलं. काकांनी पाठ केलं होतं ट्रॅक्टरचं, लागलं भलतंच. कोळीवाड्याचं. काका घाबरले नाहीत. गाणं होडीचं आणि काका शांतपणे ट्रॅक्टर चालवत राहिले. स्टिअरिंग फिरवलं, गिअर टाकला, मागे वळून नांगर पाहिला. शेवटपर्यंत. एक हात चुकला नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. काका खाली उतरले, माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी बरोबर होतो. या डीजेचं गाणं चुकलं."

*

बेशाला एक नवी सोसायटी आहे. नवरात्रात संध्याकाळी बायकांचा गरबा. मी बॉक्स लावले. सेक्रेटरी आले. त्यांच्या फोनमध्ये आवाज मोजायचं यंत्र. फोन बॉक्सच्या तोंडाशी धरून उभे राहिले, डॉक्टर नाडी धरतो तसे.

"कमी करा."

केला.

"अजून."

केला. गोल धरलेल्या बायका थांबल्या. "काका, ऐकू नाही येऊन राहिलं जी." वाढवला. सेक्रेटरी म्हणाले, "लाल झालं. कमी करा." मी कमी केला. बायका म्हणाल्या, "वाढवा." असं चाललं. गरबा त्यांचा होता, पण घाम मलाच सुटला.

शेवटी आवाज इतका खाली गेला की गाणं बायकांना आठवून नाचावं लागत होतं. सेक्रेटरी खूश. म्हणाले, "पाहा, सर्वांना त्रास न देता उत्सव साजरा करता येतो."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. फोन लाल झाला. सेक्रेटरी वर पाहून कडाडले, "कोणाचा आहे तो कुकर? कोणाच्या घरचा?"

खिडकीतून एक बाई वाकली. "आपल्याच घरचा. वरण लावलं."

*

पब्लिक कधीच चांगली नसते असं मी म्हणत नाही. नत्थूला भेटली एकदा.

एका गावात नव्वदीच्या एक आजी वारल्या. भरल्या घरातून गेल्या, म्हणून घरच्यांनी भजनं वाजवायला नत्थूचा बँड सांगितला. नत्थू आजही सांगतो, तशी पब्लिक जन्मात पाहिली नाही. सगळे तालात चालले. कोणी मधे घुसलं नाही. कोणी झांजवाल्याच्या हातातून झांज ओढली नाही. फर्माइश नाही, तक्रार नाही. कोणी रस्त्यावर लोळून नाग झालं नाही.

परत निघताना मोठ्या मुलानं नत्थूचे हात धरले. "फार समाधान झालं भाऊ," म्हणाला. मग मागे वडील बसले होते त्यांच्याकडे एकवार पाहून म्हणाला, "पुढच्या वेळेस बी तुमीच या."

*

हे सगळं मी घरी ऐकवलं. विजयनं ऐकून घेतलं आणि धरमपेठेच्या माणसाला फोन केला. पल्लवी हसली. "आबाजी, तुम्ही मस्त समोर सोफ्यावर बसा न त्या दिवशी. राजासारखे."

मी लग्नात कधी बसलो नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात भोंगा बंद पडला होता, तो मीच बाशिंग वर सरकवून चालू केला. सोफा पब्लिकसाठी असतो. मी पब्लिक नाही, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "एक दिवस व्हा न जी."

नातीसाठी मी हो म्हटलं.

पल्लवीची हळद दुपारी होती. लॉनवरच जेवण. बिछायत गुलाबची. मला कोशाचा रेशमी कुर्ता घातला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि समोरच्या सोफ्यावर मधोमध बसवलं. धरमपेठेचा डीजे आला. दाढी कोरलेला, दोन लॅपटॉप, धुराचं मशीन. मी हात बांधले. म्हटलं, पाहू.

त्यानं पहिलं गाणं लावलं. चांगलं होतं, खोटं बोलणार नाही. आवाज स्वच्छ होता. कोणी उठलं नाही. दुसरं लावलं. कोणी उठलं नाही. माझी सून डोक्यावरचा पदर सारखा करत बसली. भावाच्या सुना बसल्या जागी टाचेनं ताल धरून होत्या, पण खुर्ची सोडेनात. पल्लवी तोंडाला हळद फासून एकटीच मधे उभी. त्यानं धूर सोडला. धुरातही सगळे बसलेलेच दिसले.

मला बरं वाटलं. मी विजयकडे पाहिलं. त्यानं मान दुसरीकडे वळवली.

तिसऱ्या गाण्यात डीजे मशीन सोडून माझ्याकडे आला. वाकून म्हणाला, "आबाजी, जेवले का जी?"

"नाही."

"मग जेवून घ्या न. पाटोडी गरम आहे."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा आमच्या लाइनीतला जुना डाव आहे. समोर खडूस म्हातारा बसला असेल तर त्याला जेवायला पाठवायचं. मी आजवर किती म्हाताऱ्यांना जेवायला पाठवलं, त्याचा हिशेब नाही.

"तुले माहीत आहे काय, मी कोण आहे ते?" मी विचारलं.

"हो जी. नवरीचे आजोबा. म्हणूनच म्हणून राहिलो. सासरा समोर बसला, तं सुना कशा उठतीन?"

त्याच्या कपाळावर घाम होता. बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता, रिकाम्या जागेकडे पाहत होता. ती नजर मला ओळखीची आहे. पल्लवी मात्र माझ्याकडेच पाहत होती.

मी उठलो.

जेवणाची टेबलं मांडवाच्या मागच्या टोकाला, भिंतीलगत होती. ताट घेतलं. सगळ्यांकडे पाठ केली. पहिला घास तोंडात घातला आणि मागे खुर्च्या सरकल्या. मग बांगड्या वाजल्या. मग अख्खी सतरंजी धबधबायला लागली. त्यात माझ्या बायकोचा आवाज ओळखू आला. "सरका वं, मले जागा द्या."

पाटोडी संपली. मी ताट ठेवायला वळलो. सुनेनं पाहिलं. हात हवेतून खाली आला, पदर डोक्यावर गेला. तिच्यामागे बाकीच्या थबकल्या. मी परत वळलो आणि भात घेतला. मागे पुन्हा सुरू झालं. भात झाला. मठ्ठा घेतला. मठ्ठ्यानंतर बुंदी. बुंदी आवडत नाही मला. सावकाश, एक एक दाणा खाल्ला. वाढपी माझ्याकडे संशयानं पाहू लागला.

तेवढ्यात गुलाब खुर्च्या मोजत तिकडून आला. मला पाहून थांबला.

"काहून गा सुखदेवा, घरचं कार्य आणि तू एकटाच इकडे भिंतीकडे तोंड करून? किती जेवून राहिला?"

"जेवून कुठं राहिलो," मी म्हटलं आणि वाढप्यापुढं ताट केलं. "वाजवून राहिलो."